अदृश्य वायूचे मोजमाप : जॉन टिंडल

शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला भूल दिली की त्याच्या उशाशी ठेवलेल्या यंत्राच्या पडद्यावर एक रेषा वरखाली होऊ लागते. रुग्णाने श्वास सोडला की ती वर चढते, श्वास घेतला की खाली येते. सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड हा वायू ते यंत्र सतत मोजत असते. श्वासासाठी घातलेली नळी श्वासनलिकेऐवजी चुकून अन्ननलिकेत गेली, तर थोड्याच वेळात ती रेषा सपाट होते आणि भूलतज्ज्ञ तत्काळ सावध होतो. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. डोळ्यांपुढे तो असला काय आणि नसला काय, काहीच फरक पडत नाही. असा वायू यंत्राला ओळखता येतो, कारण तो उष्णतेचे काही किरण अडवतो. निरनिराळे वायू ही उष्णता किती अडवतात, याचे पहिले काटेकोर मोजमाप १८५९ साली लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी केले.

टिंडल यांचा जन्म २ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडच्या कार्लो परगण्यातील लॉक्लिनब्रिज या लहानशा गावी झाला. वडील पोलीस दलात शिपाई होते. घरची मिळकत बेताचीच, पण मुलाने शिकावे ही वडिलांची तळमळ मोठी होती. गावातील एका चांगल्या शिक्षकाकडे जॉनने गणित, रेखाटन आणि जमीन मोजणीची विद्या आत्मसात केली. महाविद्यालयात जाण्याचा प्रश्नच नव्हता. १८३९ साली तो सरकारी भूमापन खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर लागला आणि तीन वर्षांनी त्याची बदली इंग्लंडमध्ये झाली. तेथे आयरिश कर्मचाऱ्यांना मिळणारे वेतन व वागणूक याविरुद्ध काही जणांनी आवाज उठवला. टिंडल त्यांत पुढे होते. परिणामी १८४३ साली त्यांना नोकरीवरून कमी करण्यात आले.

तो काळ इंग्लंडमध्ये लोहमार्ग बांधणीच्या लाटेचा होता. मोजणी जाणणाऱ्या माणसांना एकाएकी मागणी आली आणि टिंडल यांना लोहमार्गाच्या आखणीचे काम मिळाले. दिवसा रानोमाळ मोजणी आणि रात्री नकाशे, असा क्रम काही वर्षे चालला. लाट ओसरल्यावर, १८४७ मध्ये, ते हॅम्पशायरमधील क्वीनवुड महाविद्यालय या शाळेत गणिताचे शिक्षक झाले. विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा असलेल्या इंग्लंडमधील अगदी मोजक्या शाळांपैकी ती एक होती. तेथे रसायनशास्त्र शिकवणारे एडवर्ड फ्रँकलंड हे टिंडल यांचे स्नेही झाले. एकाने गणित शिकवावे, दुसऱ्याने रसायन, असा दोघांचा परस्परांत अभ्यास सुरू झाला.

आपल्या ज्ञानाला पक्का पाया नाही, ही खंत टिंडल यांना होती. इंग्लंडमधील विद्यापीठे त्यांच्या आवाक्यात नव्हती. जर्मनीत मात्र प्रयोगांवर आधारलेले विज्ञान शिकवले जाई, तेही तुलनेने कमी खर्चात. १८४८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, लोहमार्गाच्या कामातून साठवलेली पुंजी घेऊन ते फ्रँकलंडसह मारबुर्ग विद्यापीठात दाखल झाले. चालू नोकरी सोडून, परक्या भाषेतील व्याख्याने ऐकत, आपल्याहून लहान मुलांच्या बाकावर बसण्याचा तो निर्णय सोपा नव्हता. रॉबर्ट बुन्सेन यांच्यासारखा गुरू तेथे लाभला. पैसे संपण्याआधी पदवी मिळवायची होती, म्हणून टिंडल यांनी दिवसरात्र एक केले आणि दोन वर्षांच्या आत डॉक्टरेट मिळवली.

पदवी हाती आली, पण काम मिळेना. १८५१ साली ते पुन्हा क्वीनवुडच्या शाळेत रुजू झाले. टोरांटो येथील प्राध्यापकपदासाठी त्यांनी अर्ज केला, तो नाकारला गेला. त्याच सुमारास टोरांटोलाच अर्ज केलेले जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांच्याही पदरी नकारच आला. पुढे हे दोघे जन्माचे मित्र झाले. अखेर फेब्रुवारी १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये टिंडल यांना एक व्याख्यान देण्याची संधी मिळाली. श्रोते इतके प्रभावित झाले की त्याच वर्षी त्या संस्थेत ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. मायकेल फॅराडे तेथेच काम करीत होते. लोहाराच्या मुलाने आणि शिपायाच्या मुलाने इंग्लंडच्या सर्वांत नामवंत प्रयोगशाळेत शेजारी शेजारी काम करावे, हे त्या काळच्या इंग्लंडमध्ये विरळाच घडणारे होते.

१८५६ पासून टिंडल दर उन्हाळ्यात आल्प्स पर्वतात जाऊ लागले. हिमनद्या कशा सरकतात हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. गिर्यारोहणाचा छंदही तेथेच जडला, आणि १८६१ साली वाइसहॉर्न या दुर्गम शिखरावर प्रथम पाऊल ठेवण्याचा मान त्यांनी मिळवला. पर्वतांवर भर दुपारी ऊन भाजून काढते, आणि सूर्य मावळताच अंग गोठवणारी थंडी पडते. हवेतून उष्णता कशी येते आणि कशी जाते, हा प्रश्न तेथे पावलोपावली समोर येई. फ्रान्समधील गणितज्ञ फूरिए यांनी १८२४ साली असे अनुमान केले होते की, वातावरण सूर्याचा प्रकाश आत येऊ देते, पण जमिनीकडून परतणारी उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. अनुमान पटण्याजोगे होते, तरी हवेतील नेमका कोणता घटक उष्णता अडवतो हे कोणी मोजले नव्हते. उष्णतेच्या किरणांचे मोठे अभ्यासक असलेले इटलीतील मेलोनी यांनाही हवेचा असा परिणाम आढळला नव्हता.

येथे एका अमेरिकन स्त्रीचे नाव घेणे न्यायाचे होईल. युनिस फूट यांनी दोन काचनळ्यांत तापमापक बसवले, त्यांत निरनिराळे वायू भरले आणि त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वाधिक तापली. १८५६ साली त्यांचा निबंध एका विज्ञान परिषदेत वाचला गेला. वाचला मात्र दुसऱ्याने. टिंडल यांना त्याची माहिती होती असे दिसत नाही. फूट यांच्या प्रयोगात सूर्याचे ऊन आणि जमिनीकडून येणारी अदृश्य उष्णता यांचा भेद करता येत नव्हता, तरी निष्कर्षाची दिशा बरोबर होती. त्यांच्या कामाची योग्य ती नोंद घेतली जाण्यास सुमारे दीडशे वर्षे लागली.

टिंडल यांनी १८५९ च्या आरंभी कामाला हात घातला. कल्पना साधी होती. एका टोकाला उकळत्या पाण्याने भरलेले तांब्याचे चौकोनी भांडे. ते अदृश्य उष्णता बाहेर टाकते. मध्ये सुमारे चार फूट लांबीची पितळी नळी, जिच्यातील हवा पंपाने काढून हवा तो वायू भरता येतो. दुसऱ्या टोकाला थर्मोपाइल, म्हणजे दोन धातूंच्या जोडांचा असा संच की ज्यावर उष्णता पडताच वीज निर्माण होते. ती वीज गॅल्व्हानोमीटर या उपकरणाची सुई हलवते. नळीतील वायूने उष्णता अडवली तर थर्मोपाइलवर कमी उष्णता पडेल आणि सुई कमी सरकेल.

नळीची तोंडे बंद कशाने करावी, हा पहिला पेच होता. काच प्रकाश जाऊ देते, पण ही उष्णता अडवते. त्यावर मेलोनी यांनी दाखवलेला मार्ग कामी आला. सैंधव मिठाच्या स्वच्छ स्फटिकातून असे किरण जवळजवळ अडथळ्यावाचून पार होतात. टिंडल यांनी अशा स्फटिकाच्या गुळगुळीत चकत्या घडवून घेतल्या आणि नळीच्या दोन्ही तोंडांना बसवल्या.

दुसरा पेच अधिक अवघड होता. वायूने अडवलेली उष्णता अगदी थोडी असणार. उष्णतेचा स्रोत मंद ठेवला, तर त्यातला थोडका अंश सुईला जाणवणारच नाही. स्रोत प्रखर ठेवला, तर सुई इतकी दूर सरकून बसते की थोड्याशा फरकाने ती हलत नाही. ज्या पारड्यात आधीच मणभर ओझे आहे, त्यात चिमूटभर मीठ पडले तर काटा कसा हलावा? टिंडल यांनी तोडगा काढला तो तराजूचाच. थर्मोपाइलच्या दुसऱ्या बाजूला त्यांनी उकळत्या पाण्याचे आणखी एक भांडे ठेवले आणि मध्ये सरकता पडदा लावला. नळी रिकामी असताना तो पडदा मागेपुढे करून दोन्ही बाजूंची उष्णता त्यांनी अगदी समान केली. दोन्ही पारडी जड, पण सुई शून्यावर. आता नळीत वायू सोडताच एका बाजूची उष्णता किंचित घटली, तरी तोल ढळतो आणि सुई चटकन हलते. वायूमापनाच्या इतिहासात ही युक्ती फार मोलाची ठरली.

बारीकसारीक अडचणी मात्र संपेनात. गॅल्व्हानोमीटरची सुई शून्यावर स्थिर राहीना. शोध घेता आढळले की तारेवर गुंडाळलेल्या रेशमाच्या हिरव्या रंगात लोहाचा अंश होता आणि तो सुईला ओढत होता. मग पांढऱ्या रेशमाची तार, तीही स्वच्छ हातांनी, नव्याने गुंडाळण्यात आली. हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड काढून टाकण्यासाठी हवा गंधकाम्लाने भिजवलेल्या काचेच्या तुकड्यांतून आणि दाहक पोटॅशने भिजवलेल्या संगमरवराच्या तुकड्यांतून न्यावी लागे. उपकरणातील एका वाईट सांध्यामुळे किंवा नळीत राहिलेल्या ओलाव्यामुळे कित्येक दिवसांचे काम वाया जाई. पुस्तकात हे प्रयोग चार ओळींत उरकतात; प्रत्यक्षात त्यांना दीर्घ काळ लागला.

मे १८५९ मध्ये सुई हलली, आणि १० जून १८५९ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, राणी व्हिक्टोरिया यांचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली, टिंडल यांनी हा प्रयोग भर सभेत करून दाखवला. सविस्तर निष्कर्ष त्यांनी फेब्रुवारी १८६१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडले. ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन ही उष्णता जवळजवळ जशीच्या तशी जाऊ देतात, म्हणजे हवेचा बहुतेक सर्व भाग उष्णतेच्या बाबतीत मोकळा असतो. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र, हवेत अल्प असूनही, ती लक्षणीय प्रमाणात अडवतात. चंदन, गुलाब, लवंग यांच्या अर्कांचा नुसता सुगंध हवेत मिसळला, तरी सुई हलली. पृथ्वीचे हवामान घडवण्यात या अल्पसंख्य वायूंचा वाटा केवढा मोठा आहे, हे टिंडल यांनी तेव्हाच ओळखले.

हे निष्कर्ष सर्वांनी लगेच मान्य केले असे नाही. बर्लिनचे नामवंत शास्त्रज्ञ माग्नुस यांनी पाण्याच्या वाफेविषयीच्या निष्कर्षाला हरकत घेतली. मिठाच्या चकत्यांवर ओलावा धरत असावा आणि उष्णता वाफेने नव्हे, तर त्या ओलाव्याने अडत असावी, असा त्यांचा आक्षेप होता. मीठ पावसाळ्यात कसे पाझरते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा आक्षेप फोल वाटणार नाही. टिंडल यांनी चकत्या काढून टाकून, उघड्या नळीवर प्रयोग पुन्हा केले. उत्तर तेच आले. वाद मात्र कित्येक वर्षे चालला आणि पुढील संशोधनाने कौल टिंडल यांच्या बाजूने दिला.

मग त्यांनी मनुष्याच्या श्वासाकडे लक्ष वळवले. कार्बन मोनॉक्साइड जाळला की त्याच्या ज्योतीत तापलेला कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तापलेला वायू ज्या किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर टाकतो, तेच किरण तोच वायू थंड असताना सर्वाधिक शोषतो. म्हणून उकळत्या पाण्याऐवजी ही ज्योत ठेवली, तर कार्बन डायऑक्साइडचा अगदी थोडा अंशही नळीत ओळखता येतो. काट्याने काटा काढावा तसा हा प्रकार. टिंडल यांचे तरुण साहाय्यक विल्यम बॅरेट यांनी १८६४ साली या रीतीने, ओलावा काढून टाकलेल्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण काढले. फ्रँकलंड यांनी त्याच उच्छ्वासाची रासायनिक पद्धतीने तपासणी केली. दोन्ही उत्तरे जवळजवळ जुळली. शस्त्रक्रियागृहातील त्या यंत्राची कल्पना येथे जन्माला आली होती. यंत्र मात्र अजून फार दूर होते.

आजचा कार्बन डायऑक्साइड संवेदक उघडून पाहिला तर टिंडल यांची नळी सहज ओळखू येते. तांब्याच्या भांड्याच्या जागी अवरक्त किरण सोडणारा इवलासा दिवा असतो. चार फुटांच्या पितळी नळीच्या जागी काही सेंटीमीटरची पोकळी असते आणि तिच्यातून हवा खेळत राहते. दुसऱ्या टोकाला किरण टिपणारा शोधक असतो. त्याच्यापुढे एक गाळणी बसवलेली असते. ती फक्त ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचे किरण आत सोडते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तीन अणूंचा असतो आणि त्याचे एक कंपन नेमके या किरणांशी जुळते, म्हणून तो ते जोराने शोषतो. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचे रेणू प्रत्येकी दोन सारख्या अणूंचे असल्याने ते किरण त्यांना स्पर्श न करता निघून जातात. शोधकावर जितके कमी किरण पडतील, तितका वायू जास्त.

परंतु दिवा जुना होऊन मंद झाला किंवा पोकळीत धूळ साचली, तरीही किरण कमीच पडतील. मग यंत्राने ते वायूमुळे घडले असे समजावे काय? म्हणून चांगल्या संवेदकात दुसरा शोधक ठेवतात. त्याची गाळणी हवेतील नेहमीचे वायू ज्यांना शोषत नाहीत असे, ३.९ मायक्रोमीटरच्या जवळपासचे किरण निवडते. दिवा मंदावला तर दोन्ही शोधकांवर सारखाच परिणाम होतो आणि वायू वाढला तर पहिल्यावरच. दोहोंचे गुणोत्तर काढले की खरे उत्तर मिळते. दुसऱ्या पारड्यातील ते गरम भांडे असे दुसऱ्या शोधकाच्या रूपाने टिकून राहिले आहे.

या तत्त्वावरील कारखान्यांत वापरता येण्याजोगे यंत्र १९३८ च्या सुमारास जर्मनीत तयार झाले. मार्च १९५८ मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी अवरक्त किरणांच्या यंत्राने वातावरणातील कार्बन डायऑक्साइडची अखंड नोंद सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ साली ते ४२० च्या पुढे गेले होते. आपण सोडतो त्या श्वासात हेच प्रमाण सुमारे चाळीस ते पन्नास हजार भाग असते. त्यामुळे माणसांनी भरलेल्या बंद खोलीत संवेदकाचा आकडा झपाट्याने चढतो. २०२० च्या महासाथीनंतर वर्गखोल्यांत खेळती हवा आहे की नाही हे पाहण्यासाठी अनेक देशांत अशी यंत्रे लावण्यात आली.

टिंडल यांचे लक्ष एका विषयावर फार काळ थांबत नसे. प्रकाशाच्या झोतात तरंगणारे धुळीचे कण पाहता पाहता ते जंतूंच्या प्रश्नाकडे वळले. आतल्या भिंतींना ग्लिसरीन लावलेल्या बंद पेटीत सर्व कण चिकटून हवा निर्मळ झाली की तिच्यात ठेवलेला उकळलेला रस्सा नासत नाही, हे त्यांनी दाखवले. कुजण्याचे कारण हवेतून येणारे जंतू आहेत, या पाश्चर यांच्या मताला त्यामुळे बळ मिळाले. आगीच्या धुरात शिरणाऱ्या जवानांसाठी त्यांनी कापूस, ग्लिसरीन आणि कोळशाची पूड वापरून श्वासाचा मुखवटा तयार केला. १८७२-७३ मध्ये अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांचे उत्पन्न त्यांनी तेथील विद्यार्थ्यांच्या विज्ञान शिक्षणासाठी देऊन टाकले. १८७४ साली बेलफास्ट येथे केलेल्या भाषणात त्यांनी निसर्गाच्या अभ्यासात धर्मपीठाचा अधिकार नाकारला. त्यावर वादळ उठले. टिंडल यांचा स्वभाव वाद टाळणारा नव्हता आणि कधी कधी ते गरजेपेक्षा अधिक कठोर होत, हेही खरे.

१८७६ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी लुईसा हॅमिल्टन यांच्याशी विवाह केला. लुईसा त्यांच्या प्रयोगांत आणि लेखनात साहाय्य करीत. निद्रानाशाने टिंडल आयुष्यभर पिडलेले होते. १८८७ साली ते निवृत्त झाले आणि दक्षिण इंग्लंडमधील हाइंडहेड येथील टेकडीवरच्या घरी राहू लागले. पोटाच्या विकारासाठी ते मॅग्नेशिया घेत आणि झोपेसाठी क्लोरल. ४ डिसेंबर १८९३ रोजी सकाळी लुईसांनी मॅग्नेशिया समजून चुकीच्या बाटलीतील औषध दिले. ते क्लोरल होते, आणि मात्रा मोठी होती. चूक ध्यानात येताच उपचारांची धडपड झाली, पण त्याच दिवशी टिंडल यांचे निधन झाले. हॅसलमेर येथे त्यांचे दफन झाले.

लुईसा त्यानंतर सेहेचाळीस वर्षांहून अधिक काळ जगल्या. पतीचे चरित्र लिहायचे या निश्चयाने त्या पत्रे, रोजनिशा आणि टिपणे गोळा करीत राहिल्या. साहित्याचा संग्रह वाढत गेला, पण चरित्र त्यांच्या हातून पुरे झाले नाही. १९४० साली लुईसा निवर्तल्या आणि त्यांनी जमवलेल्या कागदांच्या आधारे इतरांनी लिहिलेले चरित्र १९४५ साली प्रसिद्ध झाले.